गुण कापले, पण कुणाचे?

८ मे २०२१, शनिवार. डर्बीचं प्राइड पार्क मैदान, कोविडमुळे स्टँड रिकामे. चॅम्पियनशिपचा, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीचा, शेवटचा दिवस. समोरासमोर डर्बी काउंटी आणि शेफील्ड वेन्सडे, दोघांनाही खाली जाण्याची धास्ती. सामना ३-३ असा सुटला. डर्बीचा तिसरा गोल मार्टिन वॅगहॉर्नच्या पेनल्टीवर आला आणि ४४ गुणांवर डर्बी वाचलं. वेन्सडे ४१ गुणांवर तळाला राहिलं. मधल्या दोन जागांवर वायकम ४३ आणि रॉदरम ४२. ही तिन्ही नावं लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, गेली.

तक्ता एवढंच सांगतो. मैदानावरचा हिशेब वेगळा होता. वेन्सडेने त्या हंगामात १२ विजय आणि ११ बरोबऱ्यांतून ४७ गुण कमावले होते, म्हणजे डर्बीपेक्षा ३ जास्त. त्यातले ६ कापले गेले, ते २०१७-१८ च्या ताळेबंदातल्या घोळासाठी. डर्बीच्या २०१५ ते २०१८ मधल्या हिशेबांवरचा आक्षेप तेव्हा अजून लवादापुढे रेंगाळत होता. त्याच मे महिन्यात अपिलात तो डर्बीच्या विरोधात गेला आणि गुण कापले गेले नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पुढच्या हंगामात. ते सहा महिने आधी कापले असते तर वायकम वाचलं असतं. १८८७ साली सुरू झालेल्या वायकमच्या वाट्याला तोवर चॅम्पियनशिपचा हा एकच हंगाम आला होता.

पैशाच्या गैरव्यवहाराला गुणकपातीची शिक्षा योग्य की अयोग्य, असा वाद इंग्लंडमध्ये दर हंगामात होतो. माझ्या मते तो प्रश्नच अर्धवट आहे. शिक्षा कडक आहे की सौम्य, यापेक्षा ती कुठल्या वर्षी आणि कुणाच्या पाठीवर पडते हे पाहायला हवं. ताळेबंद पाहून दिलेली शिक्षा नेहमी शिळी असते. आणि शिळ्या शिक्षेने एखाद्या निरपराध तिसऱ्याचं नशीब फिरतं.

इथे दोन प्रकारच्या कपातींची गल्लत होते, ती आधी सोडवू. पहिली दिवाळखोरीची. क्लब कोर्टाने मान्य केलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेला की इंग्लिश फुटबॉल लीगच्या, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या, तिन्ही पायऱ्यांवर आपोआप १२ गुण जातात. याला कारण झालं लेस्टर सिटी. ऑक्टोबर २००२ मध्ये हा क्लब प्रशासकाकडे गेला, घेणेकऱ्यांना थोडक्यात गुंडाळलं आणि त्याच हंगामात दुसरा नंबर काढून प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. वेळच्या वेळी बिलं भरणारे क्लब बघत राहिले. म्हणून २००४-०५ पासून १० गुणांचा नियम आला. त्याचा पहिला फटका रेक्सहॅमला बसला, आणि २०१५ मध्ये आकडा १२ झाला.

नियम आला तशी पळवाटही आली. ४ मे २००७ रोजी लीड्स युनायटेडने, खाली जाणं जवळपास पक्कं झाल्यावर, प्रशासकाकडे धाव घेतली. बुडणाऱ्या हंगामातले १० गुण गेले काय आणि राहिले काय. लीगने पुढच्या हंगामात वेगळ्या कारणाने १५ गुण कापून उट्टं काढलं आणि नियमात दुरुस्ती केली: मार्चच्या अखेरीनंतर प्रशासक आला तर आधी बघायचं, क्लब गुण न कापता वाचतोय का. वाचत असेल तर कपात याच हंगामात, नसेल तर पुढच्या. २००९ मध्ये साउथॅम्प्टनला हेच लागू झालं. खाली गेले ते गेलेच, शिवाय तिसऱ्या पायरीवरचा हंगाम उणे १० ने सुरू केला.

या पहिल्या प्रकाराची मी बाजू घेईन. कारण स्वच्छ आहे, तारीख स्वच्छ आहे, वकिलांना फार वाव नाही. त्याला जोडलेलं दुसरं कलमही शहाणपणाचं आहे: प्रशासनातून बाहेर पडताना सामान्य घेणेकऱ्यांना पौंडामागे २५ पेन्स लगेच किंवा ३५ पेन्स तीन वर्षांत द्या, नाहीतर आणखी १५ गुण जातील. खोट आहे ती दुसरीकडे. फुटबॉलमधल्या देण्यांना, म्हणजे खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांचे ट्रान्सफरचे हप्ते यांना, पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय क्लबला लीगमध्ये राहू देत नाहीत. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडालं तेव्हा खेळाडूंची थकबाकी पूर्ण आणि मैदानावर प्रथमोपचार देणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्सला पौंडामागे २० पेन्सचा वायदा, असा प्रकार झाला. कर खात्याने या नियमाविरुद्ध कोर्टात दाद मागितली आणि २०१२ मध्ये ते हरले. गावातला छपाईवाला, केटरिंगवाला, रुग्णवाहिका यांनी तोटा सोसायचा आणि सेंटर फॉरवर्डने मात्र पूर्ण पगार घ्यायचा, हे मला आजही पटत नाही. पण तो गुणकपातीचा दोष नव्हे.

खरा गुंता दुसऱ्या प्रकारात आहे, तो म्हणजे तोट्याची मर्यादा. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ पर्यंत तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा, म्हणजे वर्षाला ३.५ कोटी. चॅम्पियनशिपमध्ये ही मर्यादा ३.९ कोटी, वर्षाला १.३ कोटी. पायऱ्या बदलल्या की बेरीज बदलते. नॉटिंगहॅम फॉरेस्ट २०२२ मध्ये वर आलं तेव्हा त्यांच्या तीन वर्षांत दोन खालची आणि एक वरचं होतं: १.३ अधिक १.३ अधिक ३.५, म्हणजे ६.१ कोटी. त्यांनी ही रेषा ३.४५ कोटींनी ओलांडली. अकादमी, महिला संघ, मैदानाचं बांधकाम, समाजकार्य यांवरचा खर्च तोट्यातून वजा करता येतो, त्यामुळे छापलेला तोटा आणि नियमातला तोटा हे दोन वेगळे आकडे असतात. वर्तमानपत्रात पहिला येतो आणि भांडण दुसऱ्यावर होतं.

आता खेळाडूची किंमत ताळेबंदात कशी बसते ते पाहा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. ५ कोटींना पाच वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला, तर त्याचा खर्च वर्षाला १ कोटी असा घसाऱ्यासारखा लिहितात. आठ वर्षांचा करार केला तर वर्षाला ६२.५ लाख. चेल्सीने हे सूत्र ओळखून लांबलचक करार केले, तेव्हा आधी युरोपच्या महासंघाने आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगने हा घसारा पाच वर्षांवर अडवला. उलट, दोन वर्षांनी तो खेळाडू ४ कोटींना विकला तर त्याची पुस्तकी किंमत ३ कोटी उरलेली असते, म्हणून नफा फक्त १ कोटी. पण क्लबच्या अकादमीत वाढलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य. तो ४ कोटींना गेला तर चारही कोटी नफा.

डर्बीने याच घसाऱ्यात हात मारला होता. करार संपताना खेळाडू फुकट जाऊ शकतो, म्हणून बाकीचे क्लब पूर्ण किंमत समान हप्त्यांत संपवतात. डर्बीने गृहीत धरलं की करार संपेपर्यंत खेळाडूला बाजारात काहीतरी भाव उरेल. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांचा खर्च कमी दिसला. मैदान विकण्याचा मार्ग तर दोघांनीही वापरला: प्राइड पार्क ८.११ कोटींना मालकाच्याच कंपनीला आणि वेन्सडेचं हिल्सबरो सुमारे ६ कोटींना मालकाच्या कंपनीला. डाव्या खिशातून उजव्या खिशात, पण ताळेबंदात नफा. डर्बीची मैदानविक्री लवादाने चालवून घेतली. वेन्सडे अडकलं ते तारखेत, कारण व्यवहार नंतरचा आणि नोंद २०१७-१८ ची.

ही पळवाट इंग्लिश फुटबॉल लीगने २०२१ मध्ये बुजवली. प्रीमियर लीगने मात्र ती उघडी ठेवली. चेल्सीने आपली दोन हॉटेलं ७.६५ कोटींना आपल्याच गटातल्या कंपनीला विकली आणि पुढे २०२४ मध्ये महिला संघही गटातल्याच कंपनीकडे वळवला. नियम बदलायला २० पैकी १४ क्लबांची मतं लागतात. २०२४ मध्ये प्रस्ताव आला तेव्हा तेवढी पडली नाहीत. उद्या आपल्यावरही हॉटेल विकायची वेळ येऊ शकते, असा विचार काहींनी केला असणार.

३० जूनला क्लबांचं आर्थिक वर्ष संपतं, म्हणून जूनचा शेवटचा आठवडा हा आता ट्रान्सफरचा वेगळाच हंगाम झाला आहे. २०२४ चा जून पाहा. ॲस्टन व्हिलाचा टिम इरोएग्बुनाम एव्हर्टनला, एव्हर्टनचा लुईस डॉबिन व्हिलाला. चेल्सीचा इयान मात्सेन व्हिलाला, व्हिलाचा ओमारी केलीमन चेल्सीला. आणि न्यूकॅसलचा इलियट अँडरसन सुमारे ३.५ कोटींना फॉरेस्टला, तर फॉरेस्टचा गोलकीपर व्लाखोदिमोस न्यूकॅसलला. अँडरसन आठव्या वर्षापासून न्यूकॅसलच्या अकादमीत होता, तिथलाच पोरगा. प्रशिक्षकाला तो हवा होता, प्रेक्षकांना हवा होता. हिशेबनिसाला मात्र तो विकलेलाच बरा, कारण त्याची पुस्तकी किंमत शून्य. पुढे तो इंग्लंडकडून खेळला. घरचा मुलगा विकण्याला सर्वांत मोठं बक्षीस देणारा नियम कुणी मुद्दाम लिहिला नसता, पण परिणाम तोच.

फॉरेस्टच्या २०२३-२४ च्या खटल्यात हाच धडा उलट्या बाजूने आला. त्यांचा अकादमीतला ब्रेनन जॉन्सन विकायचा होता. ३० जूनपूर्वी घाईने विकला असता तर भाव कमी आला असता. क्लब थांबला आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी ४.७५ कोटींना तो टॉटनहॅमला गेला. पैसे आले, पण दोन महिने उशिरा, पुढच्या वर्षाच्या खात्यात. जास्त भाव मिळवणं हे क्लबच्या तब्येतीला चांगलंच की, असं फॉरेस्टचं म्हणणं होतं. आयोगाने ते मानलं नाही. नियम मोडल्याचे ३ गुण, रक्कम मोठी म्हणून आणखी ३, चूक लवकर कबूल केली म्हणून २ परत, शिल्लक कपात ४. आयोगाचं तर्कशास्त्र चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण तारीख पाळायची नसेल तर तारीख ठेवायचीच कशाला? पण क्लब सुदृढ राहावेत म्हणून बनलेल्या नियमाने मालमत्ता स्वस्तात विकायला सांगितलं, एवढं तरी मान्य करायला हवं.

त्याच हंगामात एव्हर्टन. १७ नोव्हेंबर २०२३ ला १० गुण गेले, २६ फेब्रुवारीला अपिलात त्यातले ४ परत आले, ८ एप्रिलला दुसऱ्या खटल्यात आणखी २ गेले. एकाच हंगामात एकाच क्लबचे गुण तीनदा खालीवर. तक्त्यात त्यांच्या आगेमागे असणाऱ्या ल्युटनने कुठला आकडा धरून खेळायचं? शेवटी एव्हर्टन ४० वर, फॉरेस्ट ३२ वर आणि ल्युटन २६ वर थांबलं, म्हणजे कपातीने खाली जाणाऱ्यांची नावं बदलली नाहीत. हा निव्वळ योगायोग. तिथे सहा गुणांचा फरक नसता तर मे महिना मैदानाऐवजी कोर्टात गेला असता.

ल्युटनचं नाव आलंच आहे तर एक आठवण करून द्यायला हवी. २००८-०९ मध्ये याच क्लबचे ३० गुण कापले होते: एजंटांना दिलेल्या पैशांवरून १०, आणि प्रशासनातून नियमाप्रमाणे बाहेर न पडल्याबद्दल २०. चौथ्या पायरीवर उणे ३० ने सुरुवात. त्यांनी ५६ गुण कमावले, तक्त्यात २६ उरले आणि क्लब लीगच्या बाहेर फेकला गेला. ज्यांच्या कारभाराची ही शिक्षा होती ती माणसं तेव्हा क्लबमध्ये नव्हती. नव्या मालकांत स्थानिक चाहते होते, दंड त्यांनी भरला. पंधरा वर्षांनी तेच ल्युटन प्रीमियर लीगमध्ये, जेमतेम खर्चाचा संघ घेऊन, दोन दंडित क्लबांच्या खाली राहून बुडालं.

एव्हर्टनकडे परत. पहिला खटला ज्या हिशेबांवर होता ते २०२१-२२ ला संपणारे. त्या हंगामात एव्हर्टन १९ मे २०२२ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ०-२ वरून ३-२ असं जिंकून वाचलं होतं. डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुइनचा तो ८५ व्या मिनिटाचा हेडर आणि त्यानंतर मैदानात उतरलेली गर्दी ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. हंगामअखेर एव्हर्टन ३९, बर्नली ३५. मर्यादेबाहेरची रक्कम होती १.९५ कोटी आणि अपिलानंतरची शिक्षा ६ गुण. ती शिक्षा जिथली तिथे पडली असती तर एव्हर्टन ३३ वर, बर्नलीच्या खाली. गुण कापलेत हे ठाऊक असतं तर एव्हर्टन वेगळं खेळलं असतं, हे खरं. हा हिशेब सिद्ध करता येत नाही, आणि घोटाळा तोच आहे. बर्नलीने भरपाईचा दावा लावला. वायकमनेही डर्बीकडे भरपाई मागितली होती. पैसे मिळतीलही, पण प्रीमियर लीगमधला हंगाम परत कसा मिळणार?

२०२० चा उन्हाळा तर या विसंगतीचं पाठ्यपुस्तक आहे. चॅम्पियनशिपमध्ये विगनचे नवे मालक जूनच्या सुरुवातीला आले आणि १ जुलैला क्लब प्रशासकाकडे गेला. जेमतेम चार आठवडे. खेळाडू त्या काळात भन्नाट खेळत होते, हल सिटीला त्यांनी ८-० ने हरवलं. ५९ गुण कमावले, १२ गेले, उरले ४७, आणि विगन बुडालं. वेन्सडेचे १२ गुण त्याच जुलैअखेर कापले गेले, पण हंगाम संपल्यावर, म्हणून ते पुढच्या वर्षावर टाकले. वेन्सडे ५६ गुणांवर होतं. ते १२ त्याच वर्षी गेले असते तर ४४ वर वेन्सडे तळाला गेलं असतं आणि ४८ गुणांवरचं चार्ल्टन वाचलं असतं. पुढे अपिलात १२ चे ६ झाले. नवल असं की त्या ६ गुणांनीही वेन्सडे बुडालंच, फक्त एक वर्ष उशिरा, आणि चार्ल्टनच्या काही उपयोगाचं नाही असं.

प्रीमियर लीगने यावर घड्याळ पुढे सरकवायचा उपाय केला. २०२३-२४ पासून हिशेब ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचे, आरोप जानेवारीत, निकाल हंगाम संपता संपता. याने विलंब दोन वर्षांवरून एका वर्षावर आला, संपला नाही. आणि कायद्याची फट कुठे निघेल सांगता येत नाही. लेस्टर २०२३ मध्ये खाली गेलं. त्यांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपलं तेव्हा प्रीमियर लीगमधला त्यांचा हिस्सा, म्हणजेच सदस्यत्व, आधीच सुटलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने म्हटलं, प्रीमियर लीगला यांच्यावर खटला चालवायचा अधिकारच नाही. मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले, त्यातले काही २००९ पासूनचे. सुनावणी डिसेंबर २०२४ मध्ये संपली आणि पुढे वर्ष उलटलं तरी निकाल नव्हता. सिटी दोषी की निर्दोष, यावर मी इथे बोलत नाही. पण २००९ च्या हिशेबाचे गुण २०२६ मध्ये कापायचे झाले तर ते कुठल्या खेळाडूंचे?

मग करायचं काय? माझं उत्तर रटाळ आहे: परवाना आधी, खेळ नंतर. जर्मनीत क्लबांना दर वर्षी मार्चमध्ये पुढच्या हंगामाच्या परवान्यासाठी कागदपत्रं द्यावी लागतात. संपूर्ण हंगामभर पगार आणि देणी भागवण्याइतकी रोकड आहे हे दाखवावं लागतं, नसेल तर अटी पडतात. तिथे प्रश्न असा असतो की पुढच्या एप्रिलचा पगार कुठून येणार. इंग्लंडमधला प्रश्न असा की गेल्या तीन वर्षांत तोटा किती झाला. फरक एवढाच, पण सगळा फरक त्यातच आहे.

चॅम्पियनशिपसाठी हे प्रत्यक्षात असं दिसेल. एप्रिलअखेर क्लबाने अंदाजपत्रक द्यायचं. उत्पन्नाच्या बाजूला तक्त्यातलं अठरावं स्थान धरायचं, कप स्पर्धेतून शून्य, खेळाडू विक्रीतून करार झालेलेच हप्ते. खर्चाच्या बाजूला पगार, कर, जुन्या ट्रान्सफरचे देणे बाकी हप्ते. जी तूट निघेल तेवढी रक्कम मालकाने हंगामापूर्वी रोख किंवा बँक हमीत ठेवायची. मग दर महिन्याला दोनच गोष्टी तपासायच्या: पगार गेला का आणि कर भरला का. चुकले की त्याच आठवड्यापासून नव्या खेळाडूंची नोंदणी बंद, आणि हमीतून पगार. नोंदणीबंदीचं हत्यार लीगकडे आजही आहे. ती बंदी गुणकपातीपेक्षा मला न्याय्य वाटते, कारण जो खेळाडू परवडत नाही तो मैदानावर उतरतच नाही. त्याने मारलेल्या गोलांचे गुण दोन वर्षांनी खोडायची वेळ येत नाही.

मालकाची हमी इतकी महत्त्वाची का, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजने २.३ कोटी पौंडांना घेतला. दीड वर्षात तो चॅम्पियनशिपमध्ये गेला, २०१७ मध्ये ५१ गुण असूनही गोलफरकावर लीग वनमध्ये गेला, पुढच्याच वर्षी परत आला. तेव्हापासून तूट मालक भरत आले आहेत, आणि ईवुड पार्कवरचे चाहते त्यांच्यावर कितीही चिडलेले असले तरी पगार झाले ते पुण्याहून गेलेल्या पैशावर. पण भारतात ईडीची चौकशी सुरू झाली आणि पैसे बाहेर पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. ज्या क्लबचा पगार सात हजार किलोमीटरवरच्या कोर्टाच्या तारखेवर टेकतो, त्याचा तीन वर्षांचा तोटा मर्यादेत असूनही उपयोग काय? तोट्याची मर्यादा ही जोखीम मोजतच नाही. एप्रिलमध्ये ठेवलेली हमी मोजते.

चॅम्पियनशिपमध्ये सगळेच मालकाच्या खिशावर का जगतात, याचं कारण वरून येणारा पैसा. प्रीमियर लीगमधून खाली पडणाऱ्या क्लबला पॅराशूट मिळतं: टीव्हीच्या समान वाट्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, मग ४५, मग २०. वर एकच हंगाम राहिलेल्यांना दोनच वर्षं. बाकीच्यांच्या वाट्याला त्याच्या कितीतरी पट कमी. त्यांच्याशी स्पर्धा करायची म्हणून क्लब पगारावर एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त उडवतात, वर्षानुवर्षं. दुकानदाराने गल्ल्यापेक्षा जास्त पगार नोकराला द्यावा असा हा धंदा. आणि एवढं करूनही २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी वर गेलेले तिन्ही क्लब लगेच परत आले.

परवाना पद्धतीवरचा मोठा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. आधी रोकड दाखवा म्हटलं की जे आज श्रीमंत आहेत तेच उद्या श्रीमंत राहतात. जर्मनीत बायर्नने लागोपाठ अकरा विजेतेपदं घेतली. पण तोट्याच्या मर्यादेनेही तेच केलं आहे. २०२१ मध्ये सौदीचा पैसा येऊनही न्यूकॅसलला अँडरसन विकावा लागला. उत्पन्नाच्या प्रमाणात खर्च बांधला की ज्याचं मैदान मोठं त्याची मर्यादा मोठी. प्रीमियर लीगने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेला नवा नियमही, म्हणजे २०२६-२७ पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत, याच जातीचा आहे. दरी कमी करायची तर पॅराशूटचे पैसे वाटून द्यावे लागतील, आणि त्यासाठी १४ मतं लागतात. परवान्याकडून दरी मिटण्याची अपेक्षा मी ठेवत नाही. पगार व्हावा, तक्ता मे महिन्यात तक्ता राहावा, एवढीच.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉल प्रशासनाचा कायदा केला आणि वरच्या पाच पायऱ्यांवरच्या ११६ क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आला. परवाने देणं हे त्याचं मुख्य काम. प्रीमियर लीगने बराच विरोध केला, मला तो गैर वाटतो. ज्यांच्यावर नियम लावायचे त्यांच्याच मतांवर नियम ठरतात तेव्हा हॉटेलं विकली जातात. नियामकाच्या परवान्यात मालकाची हमी रोख असेल की नुसतं पत्र, यावर त्याचं दात असणं नसणं ठरेल. २०१९ मधलं बरी आठवा. १८८५ चा तो क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, एका पौंडाला विकला गेला आणि पैसे कुठून येणार हे मालक दाखवू शकला नाही म्हणून २७ ऑगस्टला लीगमधून काढला गेला. हंगाम सुरू होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

प्राइड पार्कवरच्या त्या दोन संघांचं पुढे काय झालं? डर्बी २०२१-२२ मध्ये प्रशासनाचे १२ आणि हिशेबाचे ९ मिळून २१ गुणांनी कापलं गेलं. वेन रूनीच्या हाताखाली त्यांनी ५५ गुण कमावले, उरले ३४, आणि क्लब बुडाला. वेन्सडे २०२३ मध्ये वर आलं, २०२५ मध्ये मालकाकडचा पैसा आटला, पगार वारंवार रखडले, ऑक्टोबरमध्ये प्रशासक आला. १२ गुण गेले, मग थकबाकीसाठी आणखी ६. तेव्हाही प्रशासकांना दोन वेगळ्या कंपन्यांचा ताबा घ्यावा लागला, एक क्लबची आणि एक हिल्सबरोची. डर्बीत २०२२ मध्ये असंच झालं होतं: नव्या मालकाने आधी मैदान विकत घेतलं, आणि मग क्लब.